मायचं पिवळं आभाळ

ती चित्रं आमच्या घरी आली ती एका लांब पुठ्ठ्याच्या नळकांड्यातून. कापसाचा हंगाम होता. त्या दिवसांत यवतमाळच्या हवेतच कापूस असतो. मार्केटकडे जाणाऱ्या गाड्यांवरून उडालेले पुंजके विजेच्या तारांवर, बाभळीच्या काट्यांवर, सायकलींच्या चाकांत अडकून बसतात. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे बाबांचं फ्रेमचं दुकान, आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो, माय, बाबा आणि मी. सकाळी डोळे उघडायच्या आधी मला काच कापायच्या हिऱ्याचा आवाज ऐकू यायचा, कर्रर्र असा एकच लांब ओरखडा, मग क्षणभर शांतता, आणि मग काच मोडल्याचा बारीकसा टण्. त्या मधल्या शांततेत मी अंथरुणात श्वास धरून पडायची. मागून चुलीवरच्या ज्वारीच्या भाकरीचा आणि पुढून सरसाच्या खळीचा, असे दोन वास मधल्या खोलीत एकमेकांत मिसळत. अजूनही कुठे सुताराचं काम चालू असलं की मला एकदम भूक लागते.

बाबांना सगळे फ्रेमवाले नामदेवभाऊ म्हणत. बुद्धाच्या तसबिरी, निळ्या कोटातल्या तसबिरी, लग्नाचे फोटो, शाळेतली प्रमाणपत्रं, असं सगळं त्यांच्याकडे यायचं. पण त्यांचं एक काम वेगळं होतं. कुणी माणूस गेलं की घरचे लोक एखादा जुना फोटो मोठा करून घेऊन यायचे, आणि बाबा हातातलं सगळं बाजूला ठेवून आधी ती फ्रेम करायचे. तिच्यासाठी काळी पट्टी ठरलेली होती, आतून सोनेरी रेघ असलेली. ती पट्टी त्यांनी दुसऱ्या कशालाच कधी वापरली नाही. एका नवरदेवानं हौसेनं तीच मागितली तर बाबांनी पट्टी संपली म्हणून सांगितलं, आणि ती त्याच्या डोळ्यांसमोर भिंतीला टेकून उभी होती.

नळकांडं घेऊन आल्या त्या परांजपे मॅडम. आमच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. पुण्याहून आलेल्या, एकट्याच राहणाऱ्या, कडक इस्त्रीच्या सुती साड्या नेसणाऱ्या. त्यांची बहीण लग्न होऊन फ्रान्सला गेली होती आणि तिनं तिथल्या संग्रहालयातून ही चित्रं पाठवली होती. मॅडमनी दुकानातल्या बाकावर ती उलगडली आणि चारी कोपऱ्यांवर बाबांच्या हातोडीपासून डिंकाच्या बाटलीपर्यंत जे मिळेल ते ठेवलं. पाच-सहा निसर्गचित्रं होती. लाल झाडं, गुलाबी रस्ते, केशरी पाणी, हिरव्या कडा असलेलं पिवळंजर्द आभाळ.

"ही साधी पोस्टरं नाहीत हं, नामदेवराव," मॅडम म्हणाल्या. "मूळ चित्राच्या शेजारी ठेवून एकेक रंग ताडून बघतात आणि मग छापतात. कागदसुद्धा सुती आहे. कापसाच्या चिंध्यांपासून केलेला."

बाबांनी कागदाची कड अंगठ्यानं चाचपली. "कापसाचा? मंग हे आपलंच हाय म्हना, मॅडम. इथून गेलं अन् रंगून वापस आलं."

मॅडम हसल्या. मग त्यांनी आम्हाला त्या चित्रांची गोष्ट सांगितली. फ्रान्समधल्या काही तरुण चित्रकारांनी झाड जसं दिसतं तसं न काढता मनाला येईल त्या रंगात काढलं. लोक चिडले. ही माणसं नव्हेत, रानटी श्वापदं आहेत असं कुणी तरी म्हणालं, आणि त्यांच्या भाषेतलं तेच नाव, फॉव्ह, त्या चित्रकारांना कायमचं चिकटलं. मी सतरा वर्षांची होते. चित्रकाराला जनावर म्हणतात हे ऐकून मला त्या कागदांची उगाचच भीती वाटली.

मॅडमच्या भाड्याच्या घरात ओल आली होती आणि घरमालक भिंतींचं काम काढून बसला होता. त्यामुळे फ्रेमा तयार झाल्या तरी न्यायच्या कुठे हा प्रश्न होता. "राहू द्या इथंच," बाबा म्हणाले, आणि काचा फुटू नयेत म्हणून त्यांनी सगळी चित्रं दुकानातल्या आणि मधल्या खोलीतल्या भिंतींवर टांगली. अशी ती आमच्या घरात राहायला आली. शेजारच्या मथुराकाकू साखर मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. "बाप्पा! हे काय लावलं व कौतिका? गाव जळून राह्यल्यावानी दिसते. असं घरात नसते ठेवत."

माय भाकरी थापत होती. तिनं मान वळवून चित्राकडे पाहिलं. पिवळ्या आभाळाचं होतं ते. डोंगराखाली एक गाव, निळ्या खोडांची झाडं, आणि मावळतीच्या सूर्याभोवती ब्रशाच्या फटकाऱ्यांची कडी.

"मले तं साजरं वाटते," ती म्हणाली.

त्या दिवशी दुपारी जेवताना बाबा चित्राची थट्टा करत होते. "झाडाचं खोड निळं! अन् हे आभाळ पाह्य. कावीळ झाली काय त्याले?" मीही हसत होते. माय मात्र घास हातात धरून चित्राकडे पाहत होती.

"कायले हसता?" ती म्हणाली. "असंच तं दिसते."

"कोनाले?"

"मले."

बाबांना वाटलं तीही थट्टाच करते आहे. मलाही तसंच वाटलं. आज हे लिहिताना तो दुपारचा प्रकाश, ताटातली पाटवडी आणि तिचा तो शांत आवाज आठवला की अंगावर काटा येतो. ती अगदी सरळ, जसं आहे तसं सांगत होती.

मायबद्दल थोडं सांगायला हवं. तिचं माहेर मारेगावकडचं. लहानपणी तिला सांधे सुजवणारा ताप येऊन गेला आणि तो जाताना हृदयाची एक झडप खराब करून गेला, असं डॉक्टर सांगायचे. माझ्यानंतर तिला मूल होऊ दिलं नाही ते त्याचमुळे. यवतमाळातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची गोळी ती वर्षानुवर्षं घ्यायची, आणि त्या गोळीवर तिचं बरं चाललं होतं. ती गाणी म्हणत भांडी घासायची, आंबाडीच्या भाजीत जवसाचं तेल घालायची, आणि तिच्या पाटवडीच्या रश्शासाठी बाबांचे मित्र काहीतरी निमित्त काढून जेवणाच्या वेळेला यायचे. त्या दिवाळीच्या थोडं आधी पायऱ्या चढताना तिला दम लागायला लागला, म्हणून मामा तिला नागपूरच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. तिथून ती नव्या गोळ्या घेऊन आली. त्यांचं पाकीट वेगळं होतं, नाव वेगळं होतं. जुन्या बंद कर असं तिला कुणी सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही. मोठ्या डॉक्टरांसमोर आपण काय बोलायचं, असा तिचा हिशोब. दोन्ही गोळ्या ती एकाच डब्यात ठेवायची आणि सकाळी पाण्याच्या एकाच घोटाबरोबर घ्यायची.

काही दिवसांनी मॅडम चित्रं बघायला आल्या. स्वतःची चित्रं दुसऱ्याच्या घरी टांगलेली, म्हणून त्यांना ओढ असायची. त्या पिवळ्या आभाळासमोर उभ्या होत्या. माय चहा घेऊन गेली आणि म्हणाली, "मॅडम, ह्या मानसानं काई खोटं नाई काढलं. संध्याकाळच्याले आभाळ असंच होते. कडेकडेनं हिरवं. अन् दिव्याले असेच कुंडल असतात."

मॅडम वळल्या. "कुंडलं?"

"दिवा लावला का त्याच्याभोवती पिवळं कुंडल येते. मंग त्याच्याभोवती दुसरं. हे पाहा, इथं सूर्याभोवती हायेत ना, तसेच."

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला आजही दिसतो. "कौतिकाबाई, मला सांगा, तुम्हाला या चित्रात आणखी काय दिसतं?"

माय पदर सावरून खाली बसली आणि सांगायला लागली. तिनं झाडांच्या निळ्या खोडांबद्दल सांगितलं, रस्त्यावरच्या सावलीबद्दल सांगितलं, गावातली माणसं कुठे गेली असतील याबद्दलसुद्धा सांगितलं. "समदे घरात बसले हायेत दारं लावून," ती म्हणाली. "त्याईले आभाळाचं भेव वाटून राह्यलं." मॅडम ऐकतच राहिल्या. जाताना मला म्हणाल्या, "वंदना, तुझ्या आईला केवढी दृष्टी आहे! आम्ही पुस्तकं वाचून जे शिकतो ते त्या नुसतं पाहून सांगतात."

पुढच्या रविवारी मॅडम कॉलेजातल्या चित्रकलेच्या सरांना आणि मराठीच्या एका बाईंना घेऊन आल्या. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी कुणीकुणी आलं. बाबांनी दुकानात सतरंजी अंथरली. माय लग्नातली निळी साडी नेसून बसायची, आणि ती शिकलेली माणसं तिच्यासमोर मांडी घालून, हनुवटी हातावर टेकवून तिचं बोलणं ऐकायची. बाबांचा ऊर भरून यायचा. गिऱ्हाइकांना ते सांगायचे, "आमची कौतिका चित्र वाचते." मथुराकाकू मात्र त्या खोलीत यायला तयार नसायच्या. दाराबाहेरूनच विचारायच्या, "का व वंदे, तुही माय बरी हाय ना? वाळून राह्यली ते."

ती वाळतच होती. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. पाटवडीच्या रश्शाचा वास तिला सहन होईना, म्हणून ती नाकाला पदर लावून फोडणी द्यायची आणि मग मागच्या अंगणात जाऊन बराच वेळ उभी राहायची. एकदा मी मागोमाग गेले. ती भिंतीला धरून ओकत होती. "पित्त झालं," ती म्हणाली. "बाबाले सांगू नको. रविवारी लोक येनार हायेत." एका संध्याकाळी आम्ही दोघी मार्केटवरून येत होतो. कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, ढिगांवर पोरं बसली होती. माय थांबली आणि म्हणाली, "औंदा कापसाले हळद लावली काय, वंदे?" मी हसले आणि वर पाहिलं. कापूस पांढराशुभ्र होता. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. तिनं माझा हात धरला होता आणि तिचा हात थंड, ओलसर होता. मी म्हटलं, "चाल माय, उन्हं उतरली, म्हणून तसं दिसते." तिनं मान हलवली. घरापर्यंत ती वाटेत दोनदा थांबली, आणि दोन्ही वेळा तिनं कशाचं तरी कौतुक करायचं निमित्त केलं. एकदा कुणाच्या तरी दारातल्या तुळशीचं, एकदा एका बैलाच्या शिंगांचं.

गेल्या महिन्यात माझ्या नातीनं मोबाईलवरून असंच एक चित्र मागवलं. नळकांड्यातून आलं, वर इंग्रजीत 'म्युझियम क्वालिटी' असं छापलेलं. लाल झाडं, केशरी डोंगर. तिनं ते जेवायच्या टेबलामागे लावलं आणि मला विचारलं, "आजी, कसं आहे?" छान आहे म्हटलं. खरंच छान आहे. पण जेवताना मी त्याच्याकडे पाठ करून बसते, आणि अधूनमधून नातीला विचारते, भूक लागते ना गं तुला नीट? तिला वाटतं आजीला विसर पडतो, म्हणून तेच तेच विचारते.

फाल्गुनात मॅडमच्या घराचं काम संपलं. एका दुपारी त्या चित्रं न्यायला आल्या. त्यांनी पांढरी साडी नेसली होती, चुन्यासारखी पांढरी, तिला काठसुद्धा पांढरेच होते. बाबा मागे वर्तमानपत्रांचे गठ्ठे शोधत होते. माय चहा घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली.

"मॅडम," ती म्हणाली, "हळदीची साडी लय शोभून राह्यली तुमाले."

मॅडम हसून काहीतरी बोलणार होत्या. मग त्यांनी स्वतःच्या साडीकडे पाहिलं, मायकडे पाहिलं, आणि त्यांचं हसू गेलं.

"कौतिकाबाई, ही भिंत कोणत्या रंगाची आहे?"

बाबांनी ती भिंत दिवाळीलाच चुन्यानं पांढरी केली होती. माय म्हणाली, "पिवयी."

"आणि ही कपबशी?"

"पिवयी. थोडी हिरवट."

"आणि भात? भात वाढलात की कसा दिसतो?"

"मॅडम, मी तं कईचीच हळद टाकनं बंद केली. तरी पिवयाच दिसते." मायचा आवाज बारीक झाला होता. चोरी सापडल्यासारखी ती उभी होती.

"कधीपासून?"

"दिवाळीनंतर."

"तुम्ही आम्हाला जे सांगत होतात, दिव्याची कुंडलं, हिरवं आभाळ... ते तुम्हाला खरोखर दिसत होतं? रोज?"

मायनं होय म्हणून मान हलवली. मग मीच सगळं सांगून टाकलं. ओकाऱ्या, न जेवणं, वाटेत थांबणं. मॅडमनी विचारलं, "औषधं कोणती घेतात या?" मी डबा आणला. मॅडमनी दोन्ही पाकिटं हातात घेऊन उलटून त्यामागची बारीक अक्षरं वाचली, एकदा ही, एकदा ती, आणि ती बाकावर शेजारीशेजारी ठेवली.

"हे एकच औषध आहे," त्या म्हणाल्या. "दोन्हीत तेच आहे. नुसती नावं वेगळी."

बाबा वर्तमानपत्रं घेऊन आत आले होते. "मंग काय झालं, मॅडम? दुप्पट ताकद."

"नामदेवराव, हे एका झाडाच्या पानांपासून काढतात. घंटेसारखी जांभळी फुलं येतात त्याला, थंड देशात. मी वर्गात शिकवते हे! थोडं घेतलं तर हृदयाला आधार देतं आणि जास्त झालं तर तेच हृदय थांबवतं. आधी भूक जाते, मग ओकाऱ्या होतात. आणि माणसाला सगळं पिवळं दिसायला लागतं." त्यांनी मायचं मनगट धरलं. बाहेर कुणी तरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मॅडम नाडीवर बोट ठेवून वाट पाहत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं की दोन ठोक्यांच्या मधे फार वेळ जातो आहे.

"कायले घाबरता, मॅडम," माय म्हणाली. "मी बरी हावो." आणि ती भिंतीला घासत खाली बसली. त्यानंतर तिला आमची नावं आठवेनात.

मथुराकाकूंच्या पुतण्याची जीप होती. तिच्यातून आम्ही आधी यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात आणि तिथून नागपूरला गेलो. त्या प्रवासातलं मला इतकंच आठवतं की कळंबच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस पेटले होते, पान नाही, नुसती लाल फुलं, आणि माय माझ्या मांडीवर डोकं ठेवून उघड्या डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहत होती. मला वाटलं आम्ही त्या भिंतीवरच्या चित्रांपैकीच एकात शिरलो आहोत आणि आता बाहेर यायचा रस्ता नाही. मॅडम पुढे बसल्या होत्या. डबा त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

नागपूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मॅडमचं ऐकून घेतलं, पाकिटं पाहिली, आणि दोन्ही गोळ्या तिथल्या तिथे बंद केल्या. मायच्या छातीला तारा लावल्या. यंत्राच्या कागदावर तिच्या हृदयाची रेघ उमटायची. एक उंचवटा, मग लांबच लांब सपाट ओळ, मग दुसरा. "औषध अंगातून उतरायला वेळ लागेल," डॉक्टर म्हणाले. "तोवर हृदयानं साथ दिली पाहिजे. आज काहीच सांगता येत नाही." दुसऱ्या दिवशीही त्यांनी तेच सांगितलं.

कपडे आणायला म्हणून बाबा यवतमाळला परतले. दुपार उलटली तरी ते येईनात, तेव्हा बातमी कळून नागपूरला आलेल्या मामानं मला एसटीत बसवून दिलं. मी घरी पोचले तर दुकानाचं दार उघडं होतं. बाबा बाकाशी उभे होते. समोर काळ्या पट्टीचे चार तुकडे होते, आतून सोनेरी रेघ असलेले, कोपरे तिरपे कापून एकमेकांना लावून ठेवलेले. नुसते खिळे मारायचे राहिले होते. मधे फोटो नव्हता. मायचा एकटीचा फोटो आमच्याकडे नव्हताच.

"बाबा, हे कोनाचं हाय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. मग त्यांनी बाकाकडे पाहिलं, आणि दुसऱ्याच कुणी तरी ते काम करून ठेवल्यासारखे ते दचकले. "हात रिकामे होते, बाई," ते म्हणाले. "हात रिकामे राहेनात." आणि त्यांना रडू फुटलं. माझ्या बाबांना मी त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. मी एक तुकडा उचलला आणि गुडघ्यावर मोडला. त्याचा आवाज काचेसारखा आला. मग त्यांनी दुसरा मोडला. चारही तुकडे आम्ही चुलीत घातले, त्यावर चहा ठेवला, आणि तो चहा पिऊन, मायच्या दोन साड्या पिशवीत भरून शेवटच्या गाडीनं नागपूरला गेलो.

माय जगली. उंचवटे हळूहळू जवळ येत गेले. एका सकाळी तिनं नर्सला विचारलं, "बाई, तुमचा ड्रेस पांढरा हाय ना?" नर्स हो म्हणाली तेव्हा माय इतकी रडली की नर्स घाबरून डॉक्टरांना घेऊन आली. त्या दिवशी दुपारी तिनं वरणभात मागितला, आणि बाबा दवाखान्याच्या जिन्यात जाऊन एकटेच बसले.

घरी आल्यावर काही दिवसांनी मॅडम तिला भेटायला आल्या. बाकीची चित्रं त्यांच्या घरी गेली होती. पिवळ्या आभाळाचं मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून त्या घेऊन आल्या होत्या. "हे तुमचं आहे, कौतिकाबाई," त्या म्हणाल्या. मायनं कागद सोडला आणि चित्र मांडीवर घेऊन पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"वापस घेऊन जा, मॅडम," ती म्हणाली. "आता मले यात काई दिसत नाई. रंग हायेत नुसते."

मॅडम खाली मान घालून बसल्या. "मी तुमच्यासमोर बसून कौतुक करत राहिले. हे माझ्या विषयातलं होतं, आणि मला कळलं नाही."

"तुमाले कसं कळन? मीच कोनाले सांगलं नाई." मायनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. वयानं मॅडमच मोठ्या होत्या, पण त्या लहान मुलीसारख्या बसून राहिल्या.

त्या गेल्यावर आम्ही दोघी मागच्या अंगणात बसलो. माय सुपात तूरडाळ निवडत होती. माझ्या मनात तो प्रश्न दवाखान्यापासून होता.

"काहून नाई सांगितलं, माय? कापूस पिवळा दिसते, भात पिवळा दिसते. बाबाले नाई, मले नाई."

तिची बोटं डाळीतून फिरत राहिली. "पहिले भेव वाटलं. डोळे गेले तं तुह्या बाबाचं कसं होईन, तुह्यं कसं होईन. मंग मॅडम आल्या. त्याईनं इचारलं, कौतिकाबाई, तुमाले काय दिसते?" ती थांबली. "वंदे, माह्या जलमात मले असं कोनी इचारलं नोतं. काय रांधलं, इचारतेत. गोयी घेतली काय, इचारतेत. अन् इथं शिकलेले लोक सतरंजीवर बसून माह्या तोंडाकडे पाहून राह्यले होते. मले वाटलं, मी बरी झालो तं हे बी जाईन."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती डाळीतला खडा काढून बाजूला ठेवावा तसं बोलली. त्यानंतर माझं लग्न झालं, संसार झाला, मुलं झाली, शाळेत मी तीसेक वर्षं शिकवलं, आणि दुसऱ्याला काय दिसतं हे त्याला विचारावं, असं मी जे काही थोडंफार शिकले ते त्या अंगणात. पण त्या वेळी हे काही मनात आलं नव्हतं. तेव्हा मी फक्त तिच्याजवळ सरकले.

"माय," मी म्हटलं, "आता काय दिसते?"

मी चेष्टा करते आहे की काय म्हणून तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "आता? आता तं समदं हाय तसंच हाय."

"हाय तसं म्हणजे कसं?"

तिनं सूप खाली ठेवलं. अंगणात दोरीवर कपडे वाळत होते, भिंतीवर एक कावळा मान वाकडी करून बसला होता, मथुराकाकूंच्या छपरावरून धूर निघत होता. माय हात मांडीवर ठेवून एकेका गोष्टीकडे पाहायला लागली, जणू आधी कुठून सुरुवात करावी हे ठरवत होती. "तुह्या बाबाचं धोतर पाह्य," ती म्हणाली. "पांढरं म्हनतो आपन. पन सावलीतली बाजू निळी हाय, अन् उन्हातली..."

पुढच्या खोलीतून बाबांचा आवाज आला. "कौतिका, वाढतं काय व? भूक लागली."

"थांबा जराकसे," माय ओरडली. "पोरगी मले इचारून राह्यली."